दाढी एकाची, मतं सगळ्यांची

३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या क्वांटिको इथल्या लष्करी तळावर जगभरातून शेकडो जनरल आणि अ‍ॅडमिरल बोलावले गेले. संरक्षणमंत्री पीट हेगसेथ त्यांना काय सांगणार, यावर आधी बरेच तर्क लढवले गेले होते. बोलणं निघालं ते मोठ्या प्रमाणात वजन, व्यायाम आणि दाढीवर. सैन्यातले दाढ्यांचे लाड आता पुरे, असा एकूण सूर होता. त्याच्या दीड वर्ष आधी, मार्च २०२४मध्ये, ब्रिटिश सैन्याने आपल्या जवानांना दाढी ठेवायची मोकळीक दिली होती. दोन्ही सैन्यं नाटोतली, कामही तेच, आणि हनुवटीवरच्या केसांबद्दल मात्र दोघांचे निर्णय अगदी उलटे.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. घरातल्या कुणी पंधरा दिवस दाढी केली नाही तर काय होतं ते आठवा. आई म्हणते, "बरं नाही का रे?" वहिनी म्हणते, "काय भावोजी, हिमालयात निघालात वाटतं!" ऑफिसात कुणी प्रेमभंगाची चौकशी करतं, कुणी पैज हरलास का म्हणून विचारतं. त्याच माणसाने केस वाढवले, चष्मा बदलला, दहा किलो वजन वाढवलं, तर लोक बोलतील, पण इतकं हक्काने बोलणार नाहीत. मग दाढीतच असं काय आहे?

आधी थोडं केसांविषयी

मुलगा वयात येतो तेव्हा शरीरातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हे एक संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरून वेगवेगळ्या अवयवांना निरोप पोचवणारं रसायन. त्वचेत त्यातल्या काहीचं डीएचटी नावाच्या आणखी जोरकस संप्रेरकात रूपांतर होतं. गाल-हनुवटीवरच्या केसांची मुळं या डीएचटीला प्रतिसाद देतात. बारीक लव जाते आणि राठ, काळे केस येतात. निसर्गाचा विनोद असा की हेच डीएचटी, घराण्यात टक्कल असलेल्यांच्या डोक्यावर मात्र केसांची मुळं आक्रसून टाकतं. वर चंद्र आणि खाली अरण्य, हे एकाच माणसाच्या नशिबी येतं ते त्यामुळे.

दाढी किती दाट येणार, हे ही मुळं किती संवेदनशील आहेत यावर ठरतं, आणि ते बहुतांशी आनुवंशिक असतं. विरळ दाढीच्या माणसात पुरुषी संप्रेरक कमी असलंच पाहिजे, असं अजिबात नाही. रोज वस्तरा फिरवला की दाढी दाट होते, हाही समजच. कापलेल्या केसाचं टोक बोथट होतं म्हणून ते हाताला राठ लागतं, बस. दाढी दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढते, महिन्याला सेंटिमीटरभर.

१९७०मध्ये 'नेचर' या नामांकित विज्ञानपत्रिकेत एका निनावी संशोधकाचं टिपण छापून आलं होतं. तो कामासाठी एका दूरच्या बेटावर राहायचा आणि इलेक्ट्रिक रेझरमध्ये साठलेले केस रोज तोलायचा. मुख्य भूमीवर प्रेयसीला भेटायची वेळ जवळ आली की दाढी जोरात वाढते, असं त्याला आढळलं. एका माणसाचा प्रयोग, तेव्हा त्यावर इमले बांधू नयेत. पण रोज सकाळी स्वतःची दाढी वजनकाट्यावर ठेवणारा गृहस्थ विसरायला होत नाही.

तिसऱ्या आठवड्यात सगळे का बोलतात?

रोजच्या रस्त्यावर एका रात्रीत गतिरोधक उगवला, की पहिले काही दिवस जो तो त्याबद्दल बोलतो. कुणी घातला, कशाला घातला, कंबर मोडली. पंधरवड्यात पाय आपोआप ब्रेकवर जायला लागतो आणि विषय संपतो. पुढे नगरपालिकेने तो काढला, तर परत तितकीच चर्चा. ओळखीच्या चेहऱ्याचंही असंच होतं. मेंदू ओळखीचा चेहरा दरवेळी नव्याने पाहत बसत नाही. मनातल्या चित्राशी तो जुळतोय एवढं तपासून पुढे जातो. दाढी चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग झाकते, जबड्याची रेषा बदलते, ओठांभोवतीचे बारीक भाव लपवते. चित्र जुळत नाही, मेंदू अडखळतो आणि तोंडातून प्रश्न निघतो. चार-सहा वर्षं दाढी ठेवलेला माणूस एके दिवशी ती काढून आला तरी सगळे तितकेच दचकतात, ते याच कारणाने.

पण नुसत्या बदलाने इतकी बडबड होत नाही. दोन-तीन आठवड्यांची दाढी ही मोठी अडचणीची अवस्था असते. दोन दिवसांचे खुंट म्हणजे घाई, तीन महिन्यांची कातरलेली दाढी म्हणजे निर्णय, हे दिसतं. मधल्या काळात बघणाऱ्याला कळत नाही की हा दाढी वाढवतोय की त्याची वाढतेय. हेतू कळला नाही की माणसं अंदाज बांधतात, आणि अंदाज बहुधा वाईटाचे असतात: आजारपण, नोकरी, दारू, घरातली भांडणं.

महाराष्ट्रात या अंदाजाला आणखी एक पदर आहे. घरात कुणी गेलं की सुतकात दाढी करायची नाही आणि दहाव्याला क्षौर करायचं, ही पद्धत अनेक समाजांत आजही पाळली जाते. वडील हयात असताना मिशी काढू नये, असं बजावणारे आजोबा अजून भेटतात. म्हणजे चेहऱ्यावरच्या केसांवरून घरातल्या जन्ममरणाची बातमी वाचायची सवय आपल्या मागच्या पिढ्यांना होती. गालावर खुंट दिसले की आजीचा चेहरा पडतो, त्यामागे नीटनेटकेपणाची हौस कमी आणि अशुभाची धास्ती जास्त असते. याउलट दाढी श्रावणात वाढली तर कुणी काही विचारत नाही. 'श्रावण आहे' या दोन शब्दांत महिनाभराचा खुलासा होऊन जातो. शबरीमलाची माळ घातलेल्यालाही व्रताच्या मंडळकाळात कुणी टोकत नाही. केस तेवढेच असतात. फरक इतकाच की कारण सगळ्यांना आधीच ठाऊक असतं.

अनोळखी माणूस काय वाचतो?

ओळखीचे बदल पाहतात. अनोळखी माणसाकडे तुलनेला जुना चेहरा नसतो, तो समोरची दाढी सरळ एक संकेत म्हणून वाचतो. संकेत म्हणजे ज्यावरून समोरच्याबद्दलची न दिसणारी गोष्ट ताडता येते, असं दिसणारं काहीतरी. मंगळसूत्र हा संकेत, खाकी हाही संकेत. मंगळसूत्राचा अर्थ समाजाने ठरवलेला आहे. दाढीचा अर्थ मात्र थोडा शरीराने आणि बराचसा समाजाने ठरतो, आणि सगळा गोंधळ तिथेच आहे.

शरीराकडून येणारा भाग आधी पाहू. बार्नबी डिक्सन आणि पॉल व्हेसी या संशोधकांनी २०१२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूझीलंड आणि सामोआमधल्या पुरुषांचे फोटो घेतले, तेच चेहरे दाढीसह आणि दाढीशिवाय, आणि ते दोन्हीकडच्या लोकांना दाखवले. दाढीतला माणूस वयाने मोठा आणि समाजात वजन असलेला वाटला. रागावलेला चेहरा दाढीत अधिक आक्रमक वाटला. पण दोन्हीकडच्या स्त्रियांना तो अधिक आकर्षक मात्र वाटला नाही. दाढीवर मुली भाळतात, या आशेने तेलाच्या बाटल्या विकत घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. पुढच्याच वर्षी डिक्सन यांच्याच दुसऱ्या अभ्यासात स्त्रियांनी पसंती दिली ती पूर्ण दाढीपेक्षा दाट खुंटांना. पूर्ण दाढीवाला त्यांना चांगला बाप होईलसा वाटला.

२०१९च्या आणखी एका प्रयोगात दिसलं की दाढीवाल्या चेहऱ्यावरचा राग लोकांना चटकन ओळखता येतो आणि आनंद मात्र जरा उशिरा. दाढीने जबडा भारदस्त दिसतो आणि चेहऱ्याचा एकूण कल रागाकडे झुकतो. तुम्ही नुसते विचारात असता आणि समोरचा विचारतो, "चिडलात का?" तर त्यात त्याचा फारसा दोष नाही.

यावर एक शंका हमखास येते: हे सगळं परदेशातलं, आणि तेही फोटोंवरून; त्याचा आपल्याशी काय संबंध? शंका रास्त आहे. फोटोतला चेहरा बोलत नाही, त्याला आडनाव नसतं, तो तुमचा जावई नसतो. म्हणून या अभ्यासांतून एवढंच घ्यावं की दाढी वय आणि दरारा वाढवते. त्या दराऱ्याचं पुढे काय होतं, आदर की भीती, हे फोटोबाहेर ठरतं.

मग आज जो तो दाढीत का?

२०१४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काहींना बहुतेक सगळे चेहरे गुळगुळीत दाखवले, काहींना बहुतेक दाढीवाले. जिथे दाढ्या कमी तिथे दाढी अधिक आवडली. जिथे दाढ्यांची गर्दी तिथे तिचा भाव घसरला. दुर्मिळ ते आवडतं, आवडलं की सगळे उचलतात, सगळ्यांनी उचललं की ते दुर्मिळ उरत नाही. ड्वाइट रॉबिन्सन नावाच्या अभ्यासकाने 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकातले १८४२ ते १९७२पर्यंतचे पुरुषांचे चेहरे मोजले होते. त्यात कल्ले, दाढ्या, मिशा यांच्या लाटा एकामागून एक येऊन ओसरताना दिसतात. एकेक लाट कित्येक दशकांची.

आपल्याकडची लाट अशी कुणी मोजलेली माझ्या पाहण्यात नाही, पण जुने फोटो पुरेसे बोलके आहेत. महर्षी कर्वे, कर्मवीर भाऊराव पाटील, विनोबा, गाडगेबाबा: या दाढ्या पिकलेल्या, आणि त्यांच्यामागे आयुष्यभराचं काम किंवा विरक्ती उभी. अशी दाढी पाहिली की हात जोडले जायचे. नंतर नोकरदार मराठी माणूस तुळतुळीत झाला. रोज सकाळी खिडकीपाशी आरसा, वाटीत गरम पाणी, गालाला फेस आणि रेडिओवर बातम्या, हा मध्यमवर्गीय बापाचा ठरलेला कार्यक्रम. त्या काळात तरुणाने दाढी राखली की तो चित्रकार, नाटकवाला किंवा चळवळीतला, असं गृहीतच धरलं जाई. खांद्याला झोळी आणि अंगात खादीचा झब्बा नसला तरी लोक तो मनातल्या मनात घालत. मुलीच्या बापाला असा जावई नको असायचा, कारण दाढी म्हणजे पगाराची खात्री नाही.

गेल्या पंधराएक वर्षांत क्रिकेटपटूंच्या आणि नटांच्या कोरलेल्या दाढ्या आल्या आणि तो अर्थ पुसला गेला. सलूनमध्ये दाढी 'करायला' जाणारे कमी झाले, 'सेट करायला' जाणारे वाढले. आता लग्नाच्या मांडवात नवरदेव तुळतुळीत दिसला तरच लोक दोनदा बघतात.

तीच दाढी, पण कुणाच्या चेहऱ्यावर?

या सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, आणि दाढीवरच्या हलक्याफुलक्या लेखांत नेमकं हेच राहून जातं.

२०२०-२१मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची दाढी वाढत गेली. समर्थकांना त्यात ऋषी दिसला. बंगालची निवडणूक तोंडावर होती, तेव्हा विरोधकांना रवींद्रनाथांची नक्कल दिसली. २०२२मध्ये भारत जोडो यात्रेत राहुल गांधींची दाढी वाढली. त्यांच्या चाहत्यांना तपस्वी दिसला, तर आसामचे मुख्यमंत्री हिमंता बिस्व सरमा यांना सद्दाम हुसेन. चार प्रतिक्रिया, आणि चारही आधीच ठरलेल्या. केसांनी फक्त निमित्त पुरवलं. ठाण्यात तर आधी आनंद दिघे आणि मग एकनाथ शिंदे यांच्यामुळे दाढी ही राजकीय ओळखच होऊन बसली आहे. तिथे ती पाहून कुणाला आजारपण आठवत नाही.

नेत्याच्या दाढीवर विनोद होतात आणि विषय मिटतो. सामान्य माणसाचं तसं नाही. नाव हिंदू असेल तर 'स्टाइल', नाव मुस्लिम असेल तर 'कट्टर', ही विभागणी घर भाड्याने पाहताना, मुलाखतीत, रेल्वेच्या डब्यात रोज चालते. त्यातून भलते अनर्थही होतात. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर २००१ रोजी, अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या मेसा शहरात एका शीख पेट्रोलपंप मालकाला गोळ्या घालून मारलं गेलं. मारणाऱ्याने पाहिली ती दाढी आणि पगडी. पुढचं सगळं त्याच्याच डोक्यातलं होतं.

म्हणून 'दाढी ठेवायची तर बोलणी खायची तयारी ठेवा, त्यात काय एवढं' हे म्हणणं मला पटत नाही. एकाला त्या बोलण्याची किंमत चहाच्या टपरीवरची थट्टा एवढीच पडते, दुसऱ्याला भाड्याचं घर. ते ठरतं आडनावावरून, दाढीच्या लांबीवरून नाही.

"पण स्वच्छता आणि शिस्त?"

स्वच्छतेचा आक्षेप जितका ठाम असतो तितका पुरावा ठाम नाही. २०१४च्या एका अमेरिकन अभ्यासात रुग्णालयातल्या ४०८ पुरुष कर्मचाऱ्यांचे चेहरे तपासले. औषधांना दाद न देणारे काही जंतू दाढीवाल्यांपेक्षा तुळतुळीत चेहऱ्यांवरच जास्त सापडले. वस्तऱ्याने त्वचेला होणाऱ्या बारीक इजा हे त्याचं एक कारण असू शकतं. उलट युरोपातल्या एका अभ्यासात १८ पुरुषांच्या दाढ्यांची तुलना ३० कुत्र्यांच्या केसांशी केली, आणि त्यात कुत्रे जिंकले. यातून निघतं इतकंच की चेहरा धुवावा, दाढी असो वा नसो. दाढीच्या मुळाशी साबण पोचायला जरा जास्त वेळ द्यावा लागतो.

मास्कचा मुद्दा मात्र खरा आहे. एन-९५ किंवा विषारी वायूपासून वाचवणारा मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो आणि केसांतून हवा शिरते. कोविडकाळात शीख डॉक्टरांनी दाढीवर ताणाची पट्टी घट्ट बांधून वरून मास्क लावायची युक्ती वापरली. वैमानिकांवरही कित्येक वर्षं हेच कारण देऊन बंदी होती. मग कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाने चाचण्या केल्या, ऑक्सिजन मास्कच्या कामात दाढीने फरक पडत नाही असं दिसलं, आणि २०१८मध्ये एअर कॅनडाने सव्वा सेंटिमीटरपर्यंत दाढीला परवानगी दिली. एकाच 'मास्क' शब्दाखाली वेगवेगळी उपकरणं येतात. नियम करणाऱ्याने आपलं उपकरण कोणतं ते आधी पाहावं.

शिस्तीचा मुद्दा भारतात न्यायालयापर्यंत गेला आहे. हवाई दलाच्या नियमानुसार, ज्याच्या धर्मात केस कापायलाच मनाई आहे त्याला दाढी ठेवता येते. शीख त्यात बसतात. एका मुस्लिम कर्मचाऱ्याची याचिका १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. इस्लाममध्ये तशी मनाई असल्याचं आपल्यासमोर सिद्ध झालेलं नाही आणि गणवेशातल्या दलात एकसारखेपणाला महत्त्व आहे, असं न्यायालयाने म्हटलं. महाराष्ट्राच्या राज्य राखीव पोलीस दलातल्या एका जवानाचं प्रकरणही असंच. त्याला आधी कातरलेल्या दाढीची परवानगी मिळाली, मग ती काढून घेतली गेली, आणि २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्याच्या विरोधात गेला. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्यममार्ग सुचवला: धार्मिक काळात दाढी ठेवा, एरवी काढा आणि कामावर रुजू व्हा. तात्पुरत्या दाढीची कल्पनाच धर्मात नाही, असं सांगून त्याच्या बाजूने ते नाकारलं गेलं.

एकसारखेपणाचा युक्तिवाद पूर्ण पोकळ नाही. दलाला चेहरा लागतो. पण तो चेहरा कोणता, हे काळ ठरवतो. पहिल्या महायुद्धापर्यंत ब्रिटिश सैन्यात मिशी काढणं हाच नियमभंग होता. १९१६मध्ये तो नियम गेला. आणि सक्तीच्या वस्तऱ्याचीही किंमत असते. कुरळ्या केसांच्या माणसाचा कापलेला केस वळून पुन्हा त्वचेत शिरतो, फोड येतात, डाग राहतात. अमेरिकन सैन्यात हा त्रास कृष्णवर्णीय जवानांना सर्वाधिक होतो, आणि २०२५पर्यंत त्यांना वैद्यकीय सवलत दीर्घकाळ मिळू शकत असे. हेगसेथ यांच्या धोरणावर टीका झाली त्यात हा मुद्दा मोठा होता.

नुसती आवडते म्हणून ठेवायची असेल तर?

धर्माचं कारण नाही, आजाराचं नाही, हौस आहे. अशा माणसाच्या बाजूने कायदा फारसा उभा राहत नाही. खासगी नोकरीत नियमपुस्तक आणि वरिष्ठांची मर्जी यांवरच गाडी चालते. नियम नसेल तर सुरुवातीलाच 'दाढी वाढवतोय' असं सांगून टाकावं आणि गळ्याकडची कड रोज साफ ठेवावी. बघणाऱ्याला हेतू दिसला की निम्मे प्रश्न येतच नाहीत. दाढीला सुरुवात सुट्टीत करावी, हा न्हाव्यांचा जुना सल्लाही त्याचसाठी.

हेतू दाखवायचं हे काम काही दलांनी नियमातच बसवलं आहे. ब्रिटिश सैन्याच्या २०२४च्या नियमात दाढी अडीच ते साडेपंचवीस मिलिमीटर असावी, गालावर आणि मानेवर कोरलेली असावी, ठिगळांसारखी नसावी असं लिहिलं आहे. भारतीय नौदलात परवानगी घेऊन दाढी ठेवता येते. ब्रिटिश नौदलातली जुनी रीत तर आणखी सोयीची. खलाशाने आधी वस्तरा थांबवायची परवानगी मागायची. ती मिळाली की त्या ओबडधोबड आठवड्यांत कुणी काही बोलायचं नाही. मुदत संपली की वरिष्ठ चेहरा पाहणार: भरून आली असेल तर राहू द्या, नाहीतर उद्या सकाळी काढून या.